मेश्रामकाकांचा कान

मेश्रामकाकांनी जगातले शंभरेक रॉक बँड नापास केले आहेत, आणि त्यांतला एकही त्यांनी डोळ्यांनी पाहिलेला नाही.

प्रताप नगरात ते आमच्या खालच्या मजल्यावर एकटेच राहतात. विजेचे मीटर तपासण्यात त्यांची सारी नोकरी सरली. घरात भांडी मोजकी, कॅसेटी मात्र भिंतभर. या कॅसेटी दुकानातल्या नव्हेत. कार्यक्रमाला गेलेल्या कुणीतरी शर्टात रेकॉर्डर लपवून केलेली ही चोरटी रेकॉर्डिंगं. पूर्वी ती पोस्टानं यायची, आता पेनड्राइव्हवर येतात. बँडनं स्वतः बाजारात आणलेल्या रेकॉर्डला काका हात लावत नाहीत.

"ते लग्नाच्या फोटोसारखं असते गा. सारेच गोरे. चोरीच्या टेपमंदी माणूस जसा आहे तसा सापडते."

ऐकायला बसले की ते कूलर बंद करतात, त्याची घरघर मधे येते म्हणून. नागपुरात, मे महिन्यात, भर दुपारी! यावरून भक्ती ओळखा. खांद्यावर टॉवेल, डोळे मिटलेले, आणि मग एकेक निकाल. "ढोलवाला जेवून आला आहे. जड झाला. नापास." "गिटारवाला सुरात आहे, पण त्याचं मन नाही लागून राहिलं. नापास."

आधी मला या सगळ्या थापा वाटायच्या. म्हणून एकदा कॉलेजच्या गॅदरिंगमधल्या एका बँडचं मोबाइलवर रेकॉर्डिंग केलं आणि काही न सांगता त्यांच्यापुढे ठेवलं.

"तू डाव्या भोंग्यापाशी उभा होता," काका म्हणाले. "वर टिनाचं छत. अन् तिसऱ्या गाण्यात शेंगदाणे खाऊन राहिला होता."

शेंगदाणे नव्हते, फुटाणे होते. बाकी सगळं खरं. त्या दिवसापासून मी या माणसापुढे कान पकडले.

काकांची मुलगी पल्लवी पुण्यात असते आणि एका बँडमध्ये ड्रम वाजवते. या बँडबरोबरचे तिचे सारे कार्यक्रम काकांनी असेच, कुणाच्या तरी खिशातून ऐकलेले. गेल्या महिन्यात तिचा बँड नागपुरात आला. शहराबाहेर बेसा भागातल्या एका लॉनवर कार्यक्रम होता. तिनं स्वतः फोन करून बोलावलं. काका "पाहू" म्हणाले आणि घरीच बसले.

"तू जाय," मला म्हणाले. "रेकॉर्ड करून आण."

मला रागच आला. "काका, मुलगी आहे ती, मीटर नाही," मी म्हणालो. पण शेवटी गेलो, कारण त्यांना नाही म्हणणं मला जमत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी कूलर बंद झाला. पहिलं गाणं, "पास." दुसरं गाणं, "पास." काकांच्या तोंडून सलग दोन पास मी कधी ऐकले नव्हते. मी त्यांच्या हाताकडे पाहिलं. त्यांचं बोट मांडीवर ताल धरत होतं आणि दर वेळी तिच्या ठोक्याच्या किंचित आधी पडत होतं. तिचा हात आता कुठे जाणार, हे त्यांना आधीच कळत होतं.

शेवटच्या गाण्यात बोट थांबलं.

"इथं हात आखडला तिचा. काहून?" डोळे मिटूनच ते म्हणाले. "नजर वाजवण्यावर नाही. कोणाले तरी शोधून राहिली."

गाणं संपलं, टाळ्याही संपल्या. रेकॉर्डिंग बंद करायला मी विसरलो होतो. मोबाइलमधून पल्लवीचा धापा टाकणारा आवाज आला, "दादा, बाबा मागं बसले आहेत का? मी सगळ्या खुर्च्या पाहिल्या." मग माझा आवाज, "नाही गं आले." आणि नंतर नुसता खुर्च्या उचलल्याचा आवाज.

मी बंद करायला हात पुढे केला. काकांनी माझं मनगट धरलं.

"कॉलेजात पहिल्यांदा वाजवलं तिनं, तवा मी समोरच बसलो होतो," ते म्हणाले. "मले पाहिलं अन् हात आखडला. दोनदा चुकली. घरी येऊन रडली पोट्टी. तवाच ठरवलं, आपण तिच्या समोर जायचं नाही." त्यांनी माझं मनगट सोडलं. "मी नसलो तरी आखडते, हे मले कुठं माहीत होतं गा?"

मीच पल्लवीला फोन लावला, स्पीकर सुरू केला आणि तो त्यांच्या हातात दिला.

"शेवटच्या गाण्यात आखडली तू," काका म्हणाले.

"माहीत आहे, बाबा."

"पुढचा कार्यक्रम कुठं?"

"अमरावतीला. रविवारी."

"मी आलो तर चालन का?"

"समोर बसाल?" तिनं विचारलं.

काकांनी फोन माझ्याकडे दिला आणि टॉवेलात तोंड घातलं.

"तू सांग तिले," ते आतूनच म्हणाले. "समोर बसतो म्हण. अन् चुकली तरी चालते म्हण."