शेजवळ सरांच्या दोरीवरची साडी

आधीच सांगते, माझं शिक्षण चौथीपर्यंत. अक्षर कोंबडीच्या पायासारखं, आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलंच नाही. चुकलं तर माफी असावी. पण शेजवळ सरांबद्दल लिहिल्याशिवाय चैन पडणार नाही.

हा माणूस दूध घ्यायलासुद्धा गुडघे वाकवून उभा राहतो. पाय फाकलेले, हात पुढे, नजर समोर. जणू दूधवाला पिशवी देणार नाही, फेकून मारणार आहे. नळावर तसेच, रेशनच्या रांगेत तसेच. कुणी हसलं की म्हणतात, "आधी पाय, मग हात. कुठून काय येईल सांगता येत न्हाई."

सर जामखेडकडचे. रिटायर झाल्यावर सोनईत आमच्या शेजारच्या खोलीत राहायला आले. एकटेच. रोज सकाळी शाळेच्या मैदानावर पोरींना व्हॉलीबॉल शिकवतात, तेही फुकट. मला पहिला संशय तिथेच आला. फुकट कोण काय देतं?

माझी पल्लवी सहावीत. तीही जाऊ लागली. पंधरा दिवस झाले तरी चेंडूचा पत्ता नाही. सर पोरींना ओळीनं उभं करायचे, हात जुळवून पुढे धरायला लावायचे आणि मनगटाच्या वर शेंगदाण्यांची ताटली ठेवायचे. ती तशीच घेऊन चालायचं. "सांडलं ते माझं," म्हणायचे, आणि सांडलेलं वेचून खायचे. शेंगदाणे पोरींनी घरून आणायचे. गेटाबाहेरून बघताना मला वाटलं, हिशोब लागला.

मग चेंडू आला. त्याला सर ओला गेरू फासायचे आणि पोरींच्या हातावर डाग कुठे पडला ते बघायचे. "अंगठ्यावर लागला, चूक. मनगटाच्या वर, दोन्ही हातांवर सारखा, तो बरोबर. हिसका देऊ नको बाय, पायातनं उचल." डोक्यावरून येणाऱ्या चेंडूच्या वेळी म्हणायचे, "घागर उतरवतो तशी बोटांनी उतरव. फुटली तर आई मारंल."

गेरू धुतल्यावरही पल्लवीचे हात लालच राहिले.

"सर मारतात का गं?"

"चेंडूनं होतं, आई."

"चेंडू कुणाचा?"

"सरांचा."

"मग तेच की."

अशात मी एक पोपटी साडी भांडीवालीला देऊन चाळणी घेतली. तिसऱ्या दिवशी तीच साडी सरांच्या दोरीवर वाळत होती. पदराजवळचं लाल दोऱ्याचं ठिगळ माझ्या हातचं. मी चरकले. एकट्या पुरुषाला साडी कशाला? आणि माझीच कशाला? ह्यांना सांगायची सोय नव्हती. 'शेजारच्यांच्या दोरीवर माझी साडी आहे' असं कुठल्या बाईनं नवऱ्यापुढे सुरू करावं?

मी पल्लवीला सांगितलं, उद्यापासून मैदानावर जायचं नाही. तालुक्याचे सामने पंधरा दिवसांवर होते आणि सहाजणींत तिची निवड झाली होती. तिनं कारण विचारलं. मला सांगता येईना. ती माझ्याशी बोलायचीच बंद झाली.

आठव्या दिवशी भांडीवाली पुन्हा आली, पण थेट सरांच्या दारात. मी दोन्ही अंगणांमधल्या कुडाला कान लावला.

"आख्ख्या गावात मी भांडी देते आन् कपडे घेते," ती म्हणत होती, "तुमचाच धंदा उलटा. आता घरात काय ऱ्हायलं?"

"एक ताट हाय. पुरतंय मला."

"ह्या पातेल्यावर नाव हाय कुणाचं?"

"बायकोचं. ती गेली त्याला सहा वर्षं झाली."

"मग ठिवा की."

"ठेवून काय करू? एकट्याचा भात त्याच्या तळाला चिकटतो. कुणाच्या तरी घरात भरून शिजू दे. दोन साड्या द्या, मऊ बघून."

ती गेल्यावर मी फटीतून बघितलं, सर उंबऱ्यात बसले. साडी फाडली, जुन्या कापसाभोवती गुंडाळली आणि दाभणानं शिवू लागले. चेंडू झाला. मग बाही वर सारून तो आपल्याच हातावर आपटून बघितला. लागला असावा. टाके उसवले, गाठ आत घातली, परत शिवलं, परत आपटला. लहान पोरींचे हात खऱ्या चेंडूनं सुजतात, त्यांच्यासाठी ते चाललं होतं.

मी आयुष्यात परक्या माणसाशी आपणहून बोलले नव्हते. त्या दिवशी कुडावरून डोकावून म्हणाले, "सर, पल्लवी उद्यापासून येईल."

"ताप उतरला का?"

पोर आठ दिवस का आली नाही, त्याचं त्यांना तेवढंच कारण सुचलं होतं. मी म्हणाले, "हो."

"मग पहिले दोन दिवस कापडी चेंडूच देतो. अंगात ताकद नसंल." दाभण कापसात खोचत ते म्हणाले, "विचारायला येणार होतो, वहिनी. दोनदा निघालो बी. पण एकटा माणूस कुणाच्या दारात उभा राहिला की लोक संशयानं बघतात."

मी मान खाली घातली. आमच्या बोळात दोनच घरं आहेत, एक त्यांचं आणि एक आमचं.