न गळलेला जोड

"ही बरणी आज घराबाहेर गेली पाहिजे," बायकोने नाकाला पदर लावून सांगितलं.

बरणीत केफिर होतं. फुलकोबीच्या तुऱ्यांसारखे दिसणारे दाणे दुधात टाकायचे, वर फडकं बांधायचं आणि दूध आंबू द्यायचं, एवढीच त्याची कृती. वास मात्र असा, की बायको हल्ली चहासुद्धा गॅलरीत घेत होती.

नवरा प्लंबर. केफिर त्याला आवडायचं, पण 'बाहेर काढा' म्हटल्यापासून तर ते जीव की प्राण झालं.

"वास बंद करतो. बरणी हलणार नाही!"

"आणि परत आला तर?"

"तर माझ्या हाताने ओतून देईन. अगं, माझ्या जोडातून आजवर थेंब गळलेला नाही, वास कुठला जातोय!"

"सिंकखालचा पाइप वर्षभर गळतोय, त्याला सांगा हे."

त्याने ऐकलंच नाही. बाहेरच्या खोलीतून पाना शोधून आणला, बरणीच्या तोंडाच्या आट्यांवर पाइपाची पांढरी टेप गुंडाळली आणि फडक्याऐवजी झाकण असं आवळलं, की बरणीलाच घाम फुटावा. बायकोने नाक लावून पाहिलं. वास खरंच नव्हता. नवरा दिवसभर शीळ घालत हिंडला.

दूध मात्र आत आंबतच होतं, आणि त्यातून निघणाऱ्या वायूला वाट नव्हती. संध्याकाळी दोघं टीव्ही बघत असताना स्वयंपाकघरात धडाम आवाज झाला. छत, भिंती, घासून ठेवलेली भांडी, सगळं पांढरंफटक. बरणीच्या ठिकऱ्या उडाल्या होत्या. शाबूत होतं ते फक्त तोंड आणि त्यावरचं झाकण.

नवऱ्याने ते फडक्यात धरून उचललं. "बघ! जोड गळला? नाही ना? काचच हलकी, त्याला मी काय करू!"

"वास येतोय का, तेवढं सांगा."

वास पार जिन्यापर्यंत पोचला होता. दाणे काचांमध्ये विखुरले होते, ओतून द्यायलाही काही उरलं नव्हतं. नवऱ्याला भरून आलं, पण तो तसाच ताठ उभा राहिला.

बायकोने गॅलरीतल्या फळीवरून फडकं बांधलेला एक कप काढून आणला. "तुम्ही पाना शोधायला गेलात, तेव्हाच चमचाभर दाणे काढून ठेवले. तुम्हाला काय मी आज ओळखते?"

"मग दे ना इकडे!"

"आधी सिंकखालचा पाइप."

"मुळीच नाही! मला धमकावून या घरात आजवर कोणी काम करून घेतलेलं नाही, आणि घेणारही नाही!"

हे तो बराच वेळ ठणकावून सांगत होता. सिंकखाली आडवा झाल्यामुळे आवाज जरा घुमत होता, इतकंच.