शोभेचे दांडवण

अमीन मुजावरला टाकी हवी होती आणि शेजारच्या श्रेणिक पाटलाच्या परड्यात ती रिकामी पडून होती. जुनी, शेवाळलेली, माशांना अगदी माहेरासारखी. अडचण एवढीच, की श्रेणिकच्या घरात अंडंसुद्धा येत नाही. म्हणून अमीननं बादली पुढं करत सांगून टाकलं, "खायचे न्हाईत श्रेणिकभाऊ, शोभेचे हायत."

बादलीत धरणातले दांडवण होते. बोटभर लांब, चंदेरी, अंगावर एक काळी रेघ. उचगावात अमीनची तळलेल्या माशांची गाडी होती, पण तिच्यावरचा सगळा मासा बर्फात निजून बाहेरून यायचा. तीन महिन्यांनी एका रविवारी कोल्हापुरात मत्स्य महोत्सव होता. "धरणातला आपला मासा टाकीत वाढवतो आणि काट्यासकट कुरकुरीत तळून देतो," अशी फुशारकी मारून त्यानं महोत्सव भरवणाऱ्या विश्वजित साहेबांकडून स्टॉल मिळवला होता. प्लेट दिसली नाही, तर स्टॉल गेला.

दांडवण रमले. पिल्लंही झाली. श्रेणिकची आई, राजमती अक्का, रोज पूजा उरकून भिजवलेले तांदूळ घालायची. तिच्या बांगड्या वाजल्या की सगळी टाकी वर यायची. अमीन मनात म्हणायचा, घाल अक्का, फुगू देत.

महोत्सवाच्या आदल्या दिवशी, शनिवारी, परड्यातच ठेवलेली आपली जाळी घेऊन तो टाकीपाशी गेला. मासे एकजात शेवाळाखाली. तांदूळ टाकले, शीळ घातली, काही नाही. तो तसाच घरी आला.

"चाँदबी, तुझ्या बांगड्या दे."

"कुणाला?"

"माशास्नी."

चाँदबीनं नवऱ्याकडं नीट बघितलं. "ऊन लागलं काय तुमास्नी?"

साबण लावून बांगड्या मनगटावर चढल्या. आता खोटं वाटत असेल त्यानं उचगावात जाऊन विचारावं. अमीननं हात हलवला आणि टाकी चंदेरी झाली. दुसऱ्या हातातली जाळी पाण्याला टेकली मात्र, टाकी रिकामी. पुन्हा बांगड्या, पुन्हा मासे. पुन्हा जाळी, पुन्हा शेवाळ.

"शोभत्यात रं तुला," मागून राजमती अक्का म्हणाली.

अमीन गारठला. "त्येस्नी करमत नसंल, म्हणून जरा..."

"आणि जाळी?"

"शेवाळ काढायलोय."

अक्का कट्ट्यावर बसली. "गाडी तळणीची आणि बादली शोभेची. मला कळत न्हाय व्हय? रोज तांदूळ घालायच्या आधी तुझीच जाळी बुडवून काठी आपटायचे. जाळी दिसली की पळायचं, बांगडी वाजली की यायचं. तुझ्यापेक्षा लवकर शिकली."

"मग बोलला न्हाईसा ते?"

"शोभेचे हायत असं तूच म्हणालास. तुझा शब्द मी कशाला खोटा पाडू?"

"अक्का, उद्या महोत्सवात माझं नाक जातंय."

"मग शब्दाला जाग. पिल्लं बरणीत घालून ने. मी काढून देते."

रविवारी स्टॉलवर कढई कोरडी होती आणि टेबलावर काचेच्या बरण्या. साबण लावूनही बांगड्या उतरल्या नव्हत्या. विश्वजित साहेब रिकामी प्लेट आणि लिंबाची फोड घेऊन आले.

"मासा कुठाय?"

"ह्यो काय." अमीननं हात केला, बांगड्या वाजल्या आणि बरण्यांतले सगळे मासे काचेला येऊन साहेबांकडं बघत उभे राहिले.

गर्दी जमली. "हे आपल्या धरणातलंच?" एका बाईनं विचारलं. "आणि आमी परदेशातनं आणून काचंत ठेवतोय." बघता बघता अमीननं अर्ध्या बरण्या लोकांच्या हातात दिल्या.

साहेब वाकून एका माशाकडं बराच वेळ बघत राहिले. मासाही हलला नाही. साहेबांनी लिंबाची फोड हळूच खिशात घातली.

"काय खातंय हे?"

"भिजवलेले तांदूळ."

"एक बरणी आमच्यासाठी ठेवा. स्टॉल पुढच्या वर्षीबी तुमचाच." मग त्यांनी वर बघितलं. 'कुरकुरीत दांडवण' असा लाल बोर्ड लटकत होता. साहेब आवाज खाली घेऊन म्हणाले, "तेवढा बोर्ड उतरवा. त्येंच्यासमोर बरं दिसत न्हाय."