लाल गाडीचे ब्रेक आणि सवय-निरीक्षक

जगात जे जे थांबतं, ते काहीतरी झिजवूनच थांबतं. चालणारा थांबला की त्याची टाच झिजते, बोलणारा मध्येच थांबला की समोरच्याचा जीव झिजतो आणि कचेरीतलं काम थांबलं की नागरिक झिजतो. मोटारींच्या बाबतीत या विषयाचा मुळातून अभ्यास फारसा झालेला नाही. आमच्या साडूभाऊंनी तो स्वतःच्या गाडीवर आणि काही प्रमाणात स्वतःच्या संसारावर केला, म्हणून ही हकीकत लिहून ठेवणं मी माझं कर्तव्य समजतो.

साडूभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. व्यवसायाने दंतवैद्य, स्वभावाने लोणी. त्यांनी उभ्या आयुष्यात आवाज चढवला नाही. दवाखान्यात नाही, घरात नाही, इमारतीच्या बैठकीत पाण्याच्या टाकीचा विषय निघाला तरी नाही. त्यांच्या पत्नीला आम्ही सगळे ताई म्हणतो. ताई शाळेत भूगोल शिकवतात. दिशा, अंतर आणि उतार या तीन बाबतींत त्या आजवर चुकलेल्या नाहीत, आणि ही गोष्ट त्या कुणाला विसरू देत नाहीत.

अशा या साडूभाऊंनी पन्नाशी ओलांडल्यावर एक छोटी, बुटकी, लालभडक स्पोर्टी गाडी घेतली. स्पोर्टी म्हणजे काय, याची कंपनीची व्याख्या स्पष्ट आहे: बाजूने एक काळा पट्टा, मागे दोन नळकांडी (पैकी एकातून धूर येतो, दुसरं शोभेचं) आणि रस्त्यातला प्रत्येक खडा कण्यापर्यंत पोहोचवणारी सीट. मागेही आसनव्यवस्था आहे. गुडघे नसलेल्या दोन प्रौढांना तिथे आरामात बसता येतं.

गाडी सुरेख पळायची. अडचण एवढीच, की ती थांबायचीही. थोड्याच महिन्यांत पुढच्या चाकांतून खिळा पाटीवर ओढल्यासारखा आवाज येऊ लागला. सर्व्हिस सेंटरने सांगितलं, ब्रेकचे पॅड संपले. बदलले. पुन्हा संपले. पुन्हा बदलले. तिसऱ्या वेळी पॅडबरोबर चकतीवरही चरे पडलेले निघाले, तेव्हा साडूभाऊंनी, अर्थातच खालच्या आवाजात, विचारलं, "इतक्या लवकर कसे काय हो?"

सर्व्हिस सल्लागार तरुण, चुणचुणीत आणि इस्त्रीदार होता. तो मायेने म्हणाला, "सर, ब्रेक उत्तम होते. तुम्ही ते वापरलेत."

हे वाक्य साडूभाऊंचंच होतं. रोज दवाखान्यात झिजलेल्या दातांचा मालक खुर्चीत आडवा झाला की ते याच सुरात सांगत, "दात उत्तम होते. तुम्ही ते खाल्लेत." इतकी वर्षं दुसऱ्याला दिलेलं औषध स्वतःला पाजलं गेल्यावर त्याची चव त्यांना प्रथमच कळली. पण माणूस मऊ असला तरी चिवट होता. त्यांनी कंपनीकडे तक्रार केली.

कंपनीचं उत्तर अभ्यासपूर्ण होतं. ब्रेक पॅड हा खोडरबरासारखा झिजण्यासाठीच बनवलेला भाग असून, तो झिजणं हा त्याच्या कार्यक्षमतेचा पुरावा आहे. शिवाय कंपनीच्या पाहणीनुसार, ब्रेक झिजल्याची तक्रार करणाऱ्यांपैकी शंभर टक्के ग्राहकांनी ब्रेक दाबल्याचं निष्पन्न झालं आहे. (ज्यांनी ते कधीच दाबले नाहीत, त्यांच्याकडून आजवर एकही तक्रार आलेली नाही.) तरीही ग्राहकाचं समाधान व्हावं म्हणून कंपनी स्वखर्चाने एक सवय-निरीक्षक पाठवेल. तो मागच्या सीटवर बसून चालकाच्या सवयी पाहील, बोलणार काहीच नाही, आणि मग दोष कुणाचा ते ठरेल.

इथे मला एक तांत्रिक माहिती दिली पाहिजे. मी त्या गाडीत मागे अनेकदा बसलो आहे, त्यामुळे ब्रेक का झिजतात हे मला आधीपासून ठाऊक होतं. साडूभाऊ तोंडाने बोलत नसत; ते पायाने बोलत. ताई म्हणायच्या, "पुढून डावीकडे." साडूभाऊ सरळ जायचे. ताई म्हणायच्या, "मी काय म्हटलं?" की गाडीला एक हलकासा हिसका. "तुमच्या आईचंही असंच," म्हटलं की जरा मोठा. आणि "जाऊ दे, मला काय!" म्हटलं, की मागे बसलेल्या मेहुणीच्या नवऱ्याचं, म्हणजे माझं, कपाळ पुढच्या सीटवर आपटून परत जागेवर. हे सगळं चालू असताना साडूभाऊंचा चेहरा दुधावरच्या सायीसारखा शांत. "कुत्रं आडवं आलं होतं," ते म्हणायचे. त्या शहरात एवढी कुत्री नाहीत.

मी हे सांगितलं का नाही? नवराबायकोच्या मध्ये पडू नये, असं माझ्या बायकोने मला बजावलं होतं. शिवाय तिच्याकडे एक बातमी होती. ताईंनी दुसऱ्या गावच्या शाळेत बदली मागितली होती, कुणाला न सांगता. बहिणीला म्हणाल्या, "त्या घरात कुणी ओरडत नाही गं. तरी संध्याकाळपर्यंत माझे कान बधिर होतात."

निरीक्षक आले. सहा फुटांहून उंच, गंभीर, करड्या मिशांचे गृहस्थ. मागच्या सीटवर ते घडीच्या खुर्चीसारखे दुमडून बसले, मांडीवर एक छोटं यंत्र घेतलं आणि आरशात पाहून मान हलवली.

आणि चमत्कार झाला. परका माणूस गाडीत बसल्याबरोबर ताईंचा आवाज शाळेच्या वार्षिक समारंभातला झाला. "मला वाटतं, डावीकडून गेलो तर सावली मिळेल. तुम्हाला काय वाटतं?" साडूभाऊंनी पंचवीस वर्षांत प्रथमच स्वतःला काही वाटतं का, याचा विचार केला आणि म्हणाले, "उत्तम कल्पना." गाडी डावीकडे वळली. ब्रेकला पायही लागला नाही.

दुसऱ्या दिवशी ताईंनी वाटेतल्या टेकडीचा जन्म कसा झाला ते सांगितलं. साडूभाऊंनी विचारलं, "मग ती आणखी वाढणार का?" ताई हसल्या. साडूभाऊ हसले. निरीक्षकांनी यंत्रावर काहीतरी टिपलं. पुढे पुढे तर दोघं काम नसतानाही बाहेर पडू लागली. औषधाची एक गोळी आणायला शहराच्या दुसऱ्या टोकाला जायचं, आणि परतीच्या वाटेवर पुन्हा आठवायचं की दुसरी गोळी राहिली. घरी आल्यावर दोघं आपापल्या खोलीत गप्प. कारण घरात निरीक्षक नव्हता.

"ताई लिपस्टिक लावून गाडीत बसते," माझ्या बायकोने अहवाल दिला. आमच्या घरी बातम्यांचा पुरवठा नियमित असतो.

शेवटच्या दिवशी चाकं उतरवून पॅड मोजले. झीज नगण्य. निरीक्षकांनी निष्कर्ष वाचून दाखवला: वाहनात दोष नाही, चालकाच्या सवयी आदर्श, तक्रार निकाली. मग यंत्र पिशवीत टाकून ते प्रथमच स्वतःचं असं बोलले.

"साहेब, मी बसलो की कुठल्याच गाडीचे ब्रेक झिजत नाहीत. म्हणून तर कंपनीने मला इतकी वर्षं ठेवलंय."

ताईंनी विचारलं, "आणि तुमच्या स्वतःच्या गाडीत मागे कोण बसतं हो?"

"मी बसने जातो," निरीक्षक म्हणाले, आणि पाय झटकत निघून गेले.

त्यानंतरचा पहिला प्रवास मला ऐकून माहीत आहे. दोघांनी निघताना मागच्या रिकाम्या सीटकडे पाहिलं. पहिल्या चौकापर्यंत सभ्यता टिकली. दुसऱ्या चौकात एक कुत्रं आडवं आलं.

मग माझी नेमणूक झाली. "तुम्ही नुसते मागे बसा," साडूभाऊ मला म्हणाले. मी बसलो. पण घरच्या माणसाला साक्षीदाराचा दर्जा नसतो, त्याला न्यायाधीश करतात. "तुम्हीच सांगा, मी चुकीचं बोलले का?" ताई मागे वळून विचारायच्या. मी खिडकीबाहेर बघायचो. गाडी हिसका द्यायची. माझं कपाळ सुजू लागलं, ते मी कंपनीला कळवलं नाही. कारण त्यांच्या मते तेही वापरल्यामुळेच झालं असतं.

अशातच तो दिवस उजाडला. ताईंची बदली मंजूर झाली होती आणि होय की नाही हे शाळेत जाऊन मुख्याध्यापिकांना सांगण्याचा तो शेवटचा दिवस होता. साडूभाऊंना हे आदल्या संध्याकाळी कळलं. ते म्हणाले, "बरं." त्या एका शब्दावर ते सकाळपर्यंत झोपले. ताई झोपल्या नाहीत, असं मला नंतर समजलं.

सकाळी आम्ही तिघं निघालो. मी माझ्या जागी, गुडघे हनुवटीशी.

"पुढून डावीकडे," ताई म्हणाल्या.

गाडी सरळ गेली.

"अहो, शाळा डावीकडे आहे."

हिसका.

"मी गेल्यावर तुम्हाला हवं तिकडे जा. जाऊ दे, मला काय!"

या वेळी असा काही ब्रेक लागला की शोभेच्या नळकांड्यातूनही धूर आला असावा. समोर लाल दिवा होता, म्हणजे नियमाने थांबणं आवश्यकच होतं. फक्त तो दिवा अजून बराच पुढे होता. चाकांतून तो जुना आवाज आला, पाटीवर खिळा. साडूभाऊंनी नेहमीप्रमाणे तोंड उघडलं, "कुत्रं..."

"कुठे आहे कुत्रं?" ताई शांतपणे म्हणाल्या. "मला दाखवा. मी भूगोल शिकवते, मला नीट दिसतं. पायाने काय बोलता? तोंडाने बोला."

गाडी हळूहळू दिव्यापर्यंत सरकली आणि उभी राहिली. साडूभाऊंनी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. त्यांची मान लाल झाली, मग कान, आणि मग त्या माणसाच्या तोंडून जो आवाज निघाला तो ऐकून शेजारच्या दुचाकीवाल्याने हेल्मेटची काच वर केली.

"काय बोलू? दिवसभर लोक माझ्यासमोर तोंड उघडं टाकून पडलेले असतात, एकालाही बोलता येत नाही! मला उत्तर ऐकायची सवयच नाही! आणि घरी आलो की तू! तू डावीकडे म्हणालीस की डावीकडेच असतं. पंचवीस वर्षं! एकदा तरी चूक ना! माणसाने जायचं कुठे?"

"म्हणजे मी रस्ता मुद्दाम चुकीचा सांगू?"

"सांग! एकदा सांग!"

"आणि माझं काय? तुम्ही 'बरं' म्हणता. माझी आई गेली तेव्हा बरं, मुलगी परदेशी गेली तेव्हा बरं, काल मी चालले म्हटलं तेव्हाही बरं! मी भिंतीशी लग्न केलंय का?"

"मला म्हणायचं होतं, नको जाऊस!" साडूभाऊ ओरडले. "पण ते म्हणायला कुठला पेडल दाबायचा तेच मला कळत नाही!"

दिवा हिरवा झाला. पुन्हा लाल झाला. पुन्हा हिरवा. मागे हॉर्नचा कल्लोळ उठला. वाहतूक पोलिसाने काचेवर टकटक केली. "बंद पडली का गाडी?"

"नाही हो," ताई डोळे पुसत म्हणाल्या, "आत्ताच सुरू झालीय. पाच मिनिटं द्या."

पोलिसाने माझ्याकडे पाहिलं. मी गुडघ्यांआडून नमस्कार केला.

शाळेत ताई एकट्याच आत गेल्या. मुख्याध्यापिकांनी नकाराचं कारण विचारलं, तेव्हा म्हणाल्या, "नवीन गावात भांडायला ओळखीचं कोण आहे?" हे कारण नियमांत बसत नसल्याने त्याची नोंद 'कौटुंबिक' अशी झाली.

यानंतर गोष्टी गोड झाल्या असं कुणी समजू नये. साडूभाऊ आणि ताई भांडतात, रोज आणि कडाडून. फरक इतकाच, की आता आधी तळघरातल्या पार्किंगमध्ये गाडी उभी करून, काचा वर घेऊन, हँडब्रेक ओढून भांडतात. आवाज संपला की निघतात. उभ्या गाडीत ब्रेक झिजत नाहीत, हे तांत्रिकदृष्ट्या निर्विवाद आहे. इमारतीतली इतर मंडळी सुरुवातीला कुजबुजली. हल्ली संध्याकाळी तळघरात गेलं तर काचा वर केलेल्या बऱ्याच गाड्या उभ्या दिसतात, आत दोन-दोन तोंडं हलताना. जागा मिळणं कठीण झालं आहे.

पुढच्या तपासणीत पॅड जवळजवळ नवे निघाले. सल्लागाराने अभिनंदन केलं, कंपनीने या यशाचं श्रेय आपल्या निरीक्षण योजनेला दिलं आणि पत्रकात साडूभाऊंचा हसरा फोटो छापला. दात छान दिसतात.

आता तुमच्याबद्दल. हे वाचताना तुम्हाला तुमच्या ओळखीचं एक जोडपं आठवलं, आणि त्यांना ही हकीकत पाठवायलाच हवी असं तुम्ही ठरवूनही टाकलंत. जरूर पाठवा. पण तुमच्या घरात, पलीकडच्या खोलीत, या क्षणी जे माणूस बसलं आहे, त्याला ही मोठ्याने वाचून दाखवायचा विचार तुमच्या मनात आला का? नाही ना? मग दोष गाडीत नाही.