वरची ओळ, खालची ओळ

अण्णा रोज संध्याकाळी जिन्याच्या पायथ्याशी एक स्टूल मांडत. त्यावर लॅपटॉप ठेवून तो सुरू करत, त्याचं तोंड जिन्याकडे करत आणि स्वतः त्याच्याकडे पाठ करून खुर्चीत बसत. पुष्कळ वेळाने उठून तो बंद करत आणि आत नेऊन ठेवत. मधल्या वेळात त्याला कोणीही हात लावत नसे. काळ्या पडद्यावर नुसत्या दोन ओळी दिसत राहत.

मी त्यांच्याकडे स्वयंपाकाला जात होते. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वाटलं, बायको, आमच्या वहिनी, वारल्यापासून यांचं चित्त थाऱ्यावर नाही. पण दुसऱ्याच्या घरात विचारायचं कसं? मी चौथीपर्यंत शिकले. मराठी वाचते, इंग्रजी येत नाही. त्या ओळी इंग्रजीत होत्या. माझ्यासाठी एक वरची आणि एक खालची, एवढंच.

अण्णा मोजणी खात्यातून निवृत्त झालेले. जन्मभर लोकांच्या जमिनी मोजल्या, हद्दीचे दगड रोवले. नाशिकरोडचं घर दोघा भावांचं. खाली अण्णा, वर धाकटे बापू. बापू मनमाडला रेल्वेत होते, लग्न केलं नाही. जिना एक, पाण्याची टाकी एक, पण दोघांचं बोलणं कित्येक वर्षं बंद. मी खाली पोळ्या करायची आणि वर बाजरीची भाकरी. निरोपही माझ्याच तोंडून जायचे.

"सिंधू, मोठ्या साहेबांना सांग, मोटर बंद करा. टाकी वाहतीय," बापू वरून म्हणत.

"त्याला म्हणावं, केली."

दोघांना एकमेकांचं नीट ऐकू येत असे. तरी मी मध्ये लागत होते.

अण्णांचं सगळं बोलणं मोजणीतलं. पोळी वाकडी झाली तर म्हणायचे, "सिंधूबाई, उत्तरेची हद्द सरकली." शेजाऱ्यांची वेल गजावर आली की अतिक्रमण. ताटात आमटी भाताकडे वाहिली तरी हात थांबवायचे. "आधी हद्द, मग बाकी," हे तर दिवसातून कितीदा तरी.

लॅपटॉप त्यांच्या मुलीने पुण्याहून पाठवला होता. बाबा आणि काका, दोघांत एक. तिला वाटलं असेल, या निमित्ताने तरी बोलतील. अण्णांना वाटलं, दोघांत एक वस्तू म्हणजे वाटणी आली. दुरुस्तीच्या दुकानदाराने त्यांना सांगितलं की लॅपटॉपच्या आतल्या डिस्कचे दोन भाग पाडता येतात. एका भागात मूळची विंडोज प्रणाली राहील, दुसऱ्यात लिनक्स नावाची दुसरी घालता येईल, आणि सुरू करताना मशीनच दोन ओळी दाखवून विचारेल, कोणती हवी. अण्णांचे डोळे चमकले. संगणकाचं मासिक आणलं, लिनक्सची सीडी आणली, आणि दिवाणखान्यात मोजणी सुरू झाली.

पहिल्या वेळी काहीतरी चुकलं आणि मुलीच्या लग्नाचे फोटो पुसले गेले. फोनवर म्हणाले, "मोजणीत थोडंफार जातंच." मुलगी बरेच दिवस बोलली नाही. दुसऱ्या वेळी बरोबर जमलं. दोन्ही भाग अगदी सारखे, आणि मध्ये एक पट्टी रिकामी. दुकानदार म्हणाला, काका, ही जागा वाया जातेय, कुठल्यातरी भागात घाला.

"तो बांध आहे," अण्णा म्हणाले. "बांध नसला की भांडण."

आता आमच्याकडे वाटणीची एक रीत आहे. मोठ्याने वाटे पाडायचे आणि धाकट्याने आधी उचलायचा. म्हणजे मोठा आपोआप सरळ कापतो. त्यामुळे बापूंनी उचलेपर्यंत अण्णा दोन्हींतल्या एकालाही हात लावायला तयार नव्हते. लॅपटॉप मात्र थांबणारा नव्हता. त्या दोन ओळींखाली आकडे उलटे मोजले जात, आणि ते संपले की तो स्वतःच वरची ओळ उचलत असे. ते अण्णांना कसं चालावं? ते बाणाचं बटण दाबून आकडे थांबवत, स्टूल जिन्याकडे वळवत आणि पाठ करून बसत. धाकट्याला संकोच नको.

मी वर निरोप दिला. बापू म्हणाले, "त्याला म्हणावं, एकदा मोजलं तेवढं बास झालं. मला नाय पाहिजे." ते दूध आणायला खाली उतरत, तेव्हा झोपलेल्या कुत्र्याला वळसा घालावा तसे त्या स्टुलाला वळसा घालून जात. अण्णा पावलं ऐकत. पावलं फाटकाबाहेर गेली की त्यांची मान जराशी खाली येई.

मुलगी फोनवर वैतागली. काका काही येणार नाहीत, तुम्ही वापरायला घ्या म्हणाली. फोन ठेवून अण्णा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. मी कणीक मळत होते.

"सायखेड्याची आमची वडिलोपार्जित जमीन मीच मोजली," ते म्हणाले. "वाटे मीच पाडले, आणि आधी उचललंही मीच. नदीकडचं. तो तेव्हा मनमाडला ड्यूटीवर होता." मग म्हणाले, "नंतर बदलून देतो म्हणालो, तर नको म्हणाला. पण थांबता आलं असतं."

त्या संध्याकाळी वर भाकरी वाढताना मी कोणी न दिलेला निरोप पहिल्यांदाच दिला. म्हटलं, "बापू, अण्णा म्हणत होते, थांबता आलं असतं." बापू जेवत राहिले. थोड्या वेळाने त्यांनी चटणी मागितली.

पुढे दिवाळी झाली. एका संध्याकाळी बापू कठड्याला धरून उतरले आणि वळसा न घालता शेवटच्या पायरीवर बसले. मी भांडी तशीच टाकून दारात आले.

"सिंधू, विचार त्याला. यातली चांगली कोणती?"

अण्णा वळले नाहीत. "त्याला म्हणावं, मी सांगितलं तर ती वाटणी कसली?"

बापूंनी दोन्ही ओळी निरखल्या. "मी वर राहतो, तर वरचीच घेईन असं वाटलं असंल याला. खालची."

त्यांनी बटण दाबलं. पडदा उजळला आणि लॅपटॉपमधून एक छोटासा सूर आला. अण्णा भिंतीकडे बघत म्हणाले, "हद्द कायम."

तेव्हापासून बापू रोज खाली यायचे आणि पत्त्यांचा डाव मांडायचे. मशीन एक, त्यामुळे एका वेळी एकच भाग चालतो. बापूंचा चालू असला की अण्णांचा झोपलेला. अण्णा शेजारी बसून नुसते बघत. कधी न राहवून म्हणत, "लाल अठ्ठी काळ्या नव्वीवर जाते." बापू म्हणत, "सिंधू, त्याला सांग, बांध ओलांडू नको." वरची ओळ कोणी उघडलीच नाही. मी एकदा विचारलं, अण्णा, तुमची कधी बघणार? म्हणाले, "त्याचं होऊ दे आधी."

मग एके दिवशी मी गेले तर स्टुलाचं तोंड अण्णांच्या दाराकडे होतं. आकडे थांबवलेले, दोन ओळी तशाच, आणि बापू पायरीवर पाठ करून बसलेले.

"सिंधू, मोठ्या साहेबांना सांग. आज त्यांनी आधी उचलायची."

अण्णा पंच्याला हात पुसत बाहेर आले आणि स्टुलासमोर उभे राहिले. त्यांच्या तोंडाकडे बघणं मला बरं वाटेना. मी आत जाऊन तवा ठेवला. वरची ओळ मुकी आहे, ती सुरू होताना आवाज येत नाही, असं दुकानदाराने सांगितल्याचं अण्णा मला कधीतरी म्हणाले होते. लाटणं हातात धरून मी ऐकत राहिले.

बराच वेळ काही नाही. मग तोच छोटासा सूर आला. खालच्या ओळीचा.

"मोठा शहाणा," बापू म्हणाले.

या वेळी मला 'सांग' म्हणाले नाहीत.