आठ लाल ठिपके

गेल्या खेपेला गाडीत बसता बसता साडू जे बोलून गेले, ते मास्तरांच्या जिव्हारी लागलं होतं. "मास्तर, तुमच्या गाडीत काचेचं बटण शोधायला काडी ओढावी लागते हो!" बटणांतले दिवे गेले होते, हे खरंच. पण अकरावीच्या पोरांना तीस वर्षं वीज शिकवणाऱ्या माणसाला ते एका कापडाच्या व्यापाऱ्यानं सांगावं?

तेच साडू आज साडेपाचच्या ट्रेननं येणार होते. मास्तरांनी जेवण उरकून शेडमध्ये आठ एलईडी मांडले आणि बायकोला ऐकू जाईल अशा बेतानं सुरू केलं, "एलईडी म्हणजे डायोड. वीज एकाच दिशेनं जाऊ देतो. उलटा बसवला की लागायचं नाव नाही."

"मग सुलटा बसवा," बायको म्हणाली.

मास्तर शिस्तीचे. एक दिवा न्याहाळून त्यांनी धन बाजू ठरवली, बायकोच्या नेलपॉलिशनं तिथं लाल ठिपका दिला आणि बाकीच्या सातांवर अगदी तसाच. मग बटणांच्या पट्ट्या उपसून, सगळे ठिपके एकाच बाजूला आणून आठही दिवे बसवले. गाडीचे दिवे लावले. बाहेरचे झकास लागले. आतला एकही लागेना.

दुसऱ्या कुणी एखादा दिवा फिरवून पाहिला असता. पण आठ ठिपके एका रांगेत असताना चूक मास्तरांची असणं शक्यच नव्हतं. चूक गाडीची होती. त्यांनी सगळे फ्यूज काढले, फुंकर मारली आणि जागा दिसेल तिथे परत खोचले. काच खाली करून पाहिली, तर ती अर्ध्यावर अडकली. काचेच्या जागी गेलेला नाजूक फ्यूज जळला होता. तेही खापर गाडीवर फोडून मास्तरांनी स्टिअरिंगखाली हात घातला. एक वायर हातात आली आणि गाडी सुरूच होईना.

"अहो, साडेचार झाले! भाऊजी काय स्टेशनावरून चालत येणार? मी कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याला बोलावते."

"त्याला? अकरावीत मी नापास केलाय त्याला!"

"कशापायी?"

"डायोड उलटा काढला होता. बाकी पायऱ्या बरोबर होत्या. पण उत्तर चुकलं की पायऱ्यांना मार्क नाहीत, हा माझा नियम आहे."

"बरं. तो आला की त्यालाच सांगा नियम," म्हणत तिनं फोन लावलासुद्धा.

गॅरेजवाला आला. वायर जोडली, जळका फ्यूज बदलून बाकीचे जागच्या जागी लावले, गाडी सुरू करून दाखवली. तोवर सहा वाजले होते. मग त्यानं एक एलईडी काढला, लाल ठिपक्याकडे जरा वेळ पाहिलं आणि अर्धा फिरवून परत बसवला. बटण निळंशार उजळलं.

मास्तरांचा चेहरा पडला. "ठिपके तर सगळे एका बाजूला होते," ते पुटपुटले.

"एका रेषेत होते, सर. सुंदर काम," गॅरेजवाला म्हणाला आणि उरलेले सात फिरवायला लागला.

शेवटचा दिवा लागतो न लागतो तोच फाटकाशी टॅक्सी थांबली. अर्धा तास स्टेशनावर ताटकळलेले साडू तणतणतच शेडमध्ये शिरले, पण उजळलेली बटणं बघून थबकले. "अरे वा! बसवले कुणी हे दिवे?"

मास्तरांनी गॅरेजवाल्याकडे असं पाहिलं, जसं तीस वर्षांत एकाही विद्यार्थ्याकडे पाहिलं नव्हतं.

"सरांनी," तो हात पुसत म्हणाला. "आठच्या आठ. मी फक्त नंतर आलो."

मास्तरांची छाती फुगली. त्यांनी घसा खाकरला. "त्याचं असं आहे, एलईडी म्हणजे डायोड..."

"मग तुम्ही कशाला आलात?" साडूंनी गॅरेजवाल्याला विचारलं.

"पेपर तपासायला."

बायको पदर तोंडाला लावून म्हणाली, "मग? किती दिले?"

"शून्य, बाई," तो हत्यारं आवरत म्हणाला. "पायऱ्या सगळ्या बरोबर होत्या. पण सरांचा नियम आहे."