रुमालाखालचा चौथा नंबर

सुपडू नानांनी जन्मात कधी फुटबॉलला पाय लावलेला नाही. हातही लावलेला नाही. तरी आमच्या ऑनलाईन फुटबॉल लीगचा सीझन सुरू व्हायच्या आधी, शेवटी कोण कितवा येणार, हे ते एका खाकी कागदावर लिहून देतात. बारापैकी अकरा संघांचं भाकीत एखाददुसऱ्या नंबराच्या फरकाने खरं निघतं. उरलेल्या एका संघाचं, म्हणजे धुळ्याचं, दर वेळी साफ चुकतं. तेही एका बाजूनेच चुकतं. नाना लिहितात चौथा आणि धुळे येतं बारावं.

आधी लीग समजावून सांगतो. यात कोणी पळत नाही, कोणाला घाम येत नाही. फोनवर आपला संघ करायचा, कम्प्युटरमधले खेळाडू घ्यायचे, विकायचे, सामन्याआधी अकरा जण लावून ठेवायचे. संध्याकाळी सात वाजता कम्प्युटर आपला आपणच सामने खेळवतो आणि निकाल सांगतो. आम्ही बारा जण आहोत. जामनेरचा संघ एका हार्डवेअरवाल्याचा, बोदवडचा मेडिकलवाल्याचा, वरणगावचा कारखान्यातल्या एका फिटरचा. जळगाव माझा. लीगचा सेक्रेटरीही मीच, कारण स्टॅटिस्टिक्स घेऊन बी.एस्सी. झालेला आमच्यात मी एकटा. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेला पहिला माणूसही मीच. हे मी आपण होऊन सांगतो, कारण नाही सांगितलं तर कोणी विचारत नाही.

नाना माझ्या भिंतीला भिंत लावून राहतात. एकतीस वर्षं ते एका जिनिंगमध्ये ग्रेडर होते. कापसाची गाडी आली की वर चढायचं, कोपरापर्यंत हात आत घालायचा, पोटातला पुंजका काढायचा आणि दोन्ही चिमटींत धरून हळूच ओढायचा. धागा किती लांब, ओल किती, कवडी म्हणजे किडका कापूस किती, जागेवर सांगून मोकळं व्हायचं. पुढे जिनिंगमध्ये मशीन आलं. नानांना शाल मिळाली, नारळ मिळाला आणि ते घरी आले. चिमूट मात्र कामावरच राहिली. सत्काराची शालसुद्धा त्यांनी स्टेजवरच चिमटीत धरून बघितली आणि माईकसमोर म्हणाले, "मिक्स शे." लग्नाला गेले तर नवरदेवाचा फेटा तपासतात. माझी कॉलर तर रोज तपासतात.

"पॉलिस्टर," म्हणतात. "बी.एस्सी. झाला आणि पॉलिस्टर घालस."

एका संध्याकाळी मी ओट्यावर निकाल बघत बडबडत बसलो होतो. नाना कुंपणावरून डोकावले.

"कोनले शिव्या दी ऱ्हायना रे ग्रॅज्युएट?"

मी लीग समजावली. खेळाडूंचं रेटिंग दाखवलं, वय दाखवलं. पुढच्या सीझनसाठी केलेला माझा तक्ताही दाखवला. प्रत्येक संघाची सरासरी, मागचा फॉर्म, सगळं फॉर्म्युल्याने काढलेलं. पहिल्या तिघांना हिरवा रंग, शेवटच्या तिघांना लाल.

नानांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "खेळाडू राहू दे," म्हणाले. "ते काचेच्या आत शेतस, चिमटीत कसे येतील? चालवनारा कोन शे, ते सांग."

पुढचे पंधरा दिवस नाना कामाला लागले. जामनेरला हार्डवेअरच्या दुकानात जाऊन बिजागरी घेऊन आले. बोदवडहून खोकल्याचं औषध आणलं, खोकला नसताना. वरणगावच्या फिटरला बसस्टँडवर गाठून चहा पाजला. मग नमुना गुंडाळायच्या खाकी कागदावर त्यांनी यादी लिहिली आणि मला म्हणाले, ग्रुपवर टाक.

माझ्या तक्त्यात जामनेर पहिलं होतं. नानांनी सातवं लिहिलं होतं.

"जामनेरना धागा लांब शे," नाना म्हणाले. "पन ओल शे."

"ओल म्हणजे?"

"संघ त्यानी बायको लावस. त्याले इचारलं, तुना गोलकीपर कोन, तर म्हने बघून सांगतो. तिनं आतून नाव सांगितलं. तिना भाऊचं लगन ठरेल शे. ती माहेरी गई का जामनेर बसनं."

बाई लग्नाला गेल्या, जामनेर लागोपाठ सहा सामने हरलं आणि सातवं आलं. बोदवडबद्दल नानांनी सांगितलं होतं, थंडी पडली की दुकान चालेल आणि संघ पडेल. पडला. वरणगावचा फिटर दुसऱ्या पाळीला लागला की अकरा जण लावायला विसरेल म्हणाले होते. विसरला. वर त्याने मोठा गाजावाजा करून एक पस्तिशीचा फॉरवर्ड घेतला होता. नानांनी एकाच शब्दात त्याचा निकाल लावला होता, "फरदड." एकदा पीक घेऊन झालेलं झाड शेतात ठेवून पुन्हा वेचलेला कापूस, तो फरदड. फॉरवर्डने पूर्ण सीझनमध्ये दोन गोल केले, त्यातला एक आपल्याच जाळीत.

मला त्यांनी सहावा दिला होता. मी कारण विचारलं.

"हिशोब चांगला करस तू. पन हारला का तीन दिन गाल फुगाडी बसस. ते तीन सामने गये."

मी सहावा आलो. तीन दिवस नानांशी बोललो नाही.

अशा माणसाचं धुळ्याबद्दल इतकं चुकावं, हे माझ्या गळी उतरत नव्हतं. धुळ्याचा संघ नानांच्याच ओळखीने लीगमध्ये आलेला. चालवणाऱ्याला आमच्यापैकी कोणी पाहिलं नव्हतं. फोटोच्या जागी कापसाची गठाण होती. ग्रुपवर काही विचारलं तर उत्तर नाही. संघ असा, की आम्ही निकालापेक्षा त्याचीच जास्त वाट बघायचो. आमच्याकडे पंचवीस खेळाडू, तर धुळ्याकडे त्रेचाळीस. घेतलेला खेळाडू विकायचा नाही. कोणी कितीही बोली लावली तरी नकार. जसा काही माल गोदामात भरून ठेवलाय आणि तेजीची वाट बघतायत. पाच गोलकीपर होते. त्यातला एक सीझनभर फॉरवर्ड म्हणून खेळला. कधी कधी नऊच जण मैदानात उतरायचे.

तीन सीझन नानांनी चौथा लिहिला, तीन सीझन धुळे बारावं. मला मनातून बरंच वाटायचं. माझ्या तक्त्यात बाकी काही जुळो न जुळो, धुळे बारावं बरोबर असायचं.

"नाना, तुमची चिमूट धुळ्यालाच का हुकते?" मी एकदा विचारलं.

"हुकत नही," नाना म्हणाले. "तो सौदा शे."

मला वाटलं, टाळतायत.

यंदा मात्र मेंबरांनी उचल खाल्ली. आमचा नियम आहे, लागोपाठ चार सामन्यांना अकरा जण लावले नाहीत तर संघ काढून घ्यायचा. मागच्या सीझनच्या शेवटी धुळ्याचे सात झाले होते. चाळीसगावचा एक दातांचा डॉक्टर जागेसाठी वर्षभर थांबलेला. हार्डवेअरवाला म्हणाला, "सेक्रेटरी, नियम तुम्हीच केलाय ना भाऊ? मग लावा की." मी नोटीस टाईप केली, प्रिंट काढली, खाली सही ठोकली. कोणाला काढायचं तर तोंडावर सांगून काढायचं, अशी माझी पद्धत आहे. नानांकडून पत्ता घेतला आणि रविवारी धुळ्याला जायचं ठरवलं.

सकाळी बाहेर पडलो तर नाना टोपी घालून, खांद्यावर पांढरा रुमाल टाकून फाटकात उभे.

"मी बी येस," म्हणाले. "नवा सीझन लागाना शे. माले जानंच व्हतं."

नोटिशीचं त्यांना ठाऊक होतं. बसमध्ये त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. पारोळ्याला भजी घेतली, तेलकट बोटं पुसून समोरच्या सीटच्या कव्हरची चिमूट घेतली आणि नाक मुरडलं, एवढंच.

धुळ्याच्या जुन्या गल्लीत एका किराणा दुकानाच्या मागच्या खोलीत कन्हैयालाल शेठ पलंगावर टेकून बसले होते. अंगात धुतलेली बंडी, कपाळाला टिळा, उजवा हात मांडीवर निपचित. डाव्या हाताशी फोन. त्यांची सून ममता पाणी घेऊन आली आणि मी विचारायच्या आधीच सांगू लागली.

"बाऊजींना लकवा मारून चार वर्षं झाली. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. हा खेळ नानाजींनीच फोनमध्ये टाकून दिला. डाव्या अंगठ्याने खेळतात. एकाला दाबायला जातात, दुसराच लागतो. मी लावून देते म्हटलं तर हात लावू देत नाहीत."

"अजिबात बोलत नाहीत?"

"एक शब्द राहिलाय."

"कोणता?"

"नहीं," शेठ म्हणाले.

नाना पलंगाच्या कडेला बसले. "आयक, ग्रॅज्युएट," म्हणाले. "हा मानूस तीस वरीस आमच्या जिनिंगमध्ये कापूस घ्यायला यायचा. मी म्हनायचो, एक नंबर माल शे. हा म्हनायचा, नहीं. मी म्हनायचो, धागा बघा. हा म्हनायचा, नहीं. देवाने बठ्ठं नेलं, नेमकं तेच ठेवलं."

शेठचं अर्धं तोंड हसलं.

मग नानांनी खांद्यावरचा रुमाल काढून शेठच्या डाव्या हातावर पसरला आणि आपला हात खाली घातला. हा प्रकार मी लहानपणी बैलबाजारात पाहिला होता. आजूबाजूच्यांना कळू नये म्हणून घेणारा आणि देणारा कापडाखाली एकमेकांची बोटं दाबतात. एक बोट म्हणजे एक, चार बोटं म्हणजे चार, पूर्ण पंजा म्हणजे पाच, त्यापुढचा आकडा पुन्हा दाबून. तोंडाने काही बोलायचं नसतं.

रुमाल हलला. शेठ म्हणाले, "नहीं." पुन्हा हलला. नानांनी मान हलवली. शेठचे डोळे बारीक झाले, पाठ ताठ झाली. नानांनी हात काढून घेऊन उठायचं नाटक केलं, शेठनी रुमालाखालूनच ओढून बसवलं. दहा मिनिटं हे चाललं. त्या दहा मिनिटांत पलंगावरचा माणूस आजारी आहे हे मी विसरलो. बोलायची गरजच नसलेल्या कामात ते बसले होते, आणि त्यात ते नानांना भारी पडत होते.

"बाऊजी एकपासून सुरू करतात," ममता हळू आवाजात म्हणाली. "नानाजी अकरापासून. दर वेळी चारवर तुटतं."

"चार," नाना घाम पुसत म्हणाले. "लुटलं माले."

तेवढ्यात शेठनी डाव्या हाताने माझ्याकडे बोट केलं.

"तुमची पण यादी असते ना ग्रुपवर," ममता म्हणाली. "बाऊजी वाचतात. तुम्ही दर वेळी बारावा लिहिता."

नोटीस माझ्या पिशवीत होती. मी उठलो. शेठनी हात पुढे केला, नानांनी वर रुमाल टाकला. मला बोटांची भाषा येत नाही. स्टॅटिस्टिक्सला ती नव्हती. काय करावं ते न कळून मी शेठचा हात आपल्या हातात धरला, सरळ, पूर्ण, जसा कोणाही मोठ्या माणसाचा धरावा तसा. हात गरम होता आणि त्याची पकड चांगली होती.

मी "नहीं" ऐकायची वाट बघितली. शेठनी मान डोलावली.

"झाला सौदा," नाना म्हणाले आणि रुमाल उचलला.

परतीच्या बसमध्ये मी विचारलं, "नाना, मी नेमकं काय केलं?"

"पंजा दिला तू. पाचवा."

"मी फक्त हात मिळवला."

"रुमालाखाली हात मियाडत नहीत. तिथं गयेला हात मांगे येत नही."

"आणि ते बारावे आले तर? माझा तक्ता, ग्रुपवर सगळे..."

"मना कागद तीन वरीसपासून चुकी ऱ्हायना. मी मरनू का?"

बी.एस्सी. झालेला माणूस फॉर्म्युला पुसून तिथे हाताने पाच लिहिणार होता. जास्त वाईट वाटत नव्हतं, याचंच मला नवल वाटलं.

पारोळा मागे पडलं. नानांनी खिशातून कापसाचा एक पुंजका काढला. शेठच्या गादीच्या उसवलेल्या कोपऱ्यातून त्यांनी तो कधी ओढला, मी पाहिलं नव्हतं. दोन्ही चिमटींत धरून त्यांनी तो हळूच ओढला, उजेडात धरला, गालाला लावला.

"ओल धरी," म्हणाले. "कागद दे रे एक."

पिशवीत एकच कागद होता. मी दिला. नानांनी वाचलासुद्धा नाही. उलटा मांडीवर पसरला, मध्ये पुंजका ठेवला, जिनिंगमध्ये गुंडाळायचे तसा नमुना गुंडाळला आणि वर पेनने लिहिलं : कन्हैयालाल शेठ, धुळे. ओल. मग माझ्याकडून फोन मागून घेतला.

"ममता बेटा, सुपडू बोलतोय. बाऊजींची गादी उद्या उन्हात घाल. दोन्ही अंगांनी. हो, तोवर त्यांना खुर्चीत बसव. नाही म्हटले तरी बसव."

पलीकडून, जरा लांबून, शेठचा आवाज आला, "नहीं."

नानांनी फोन कानाशी तसाच धरून ठेवला. ममताने केव्हाच ठेवला होता, तरी एरंडोल येईपर्यंत त्यांनी तो खाली घेतला नाही.